मुळाच्या टोकाचे गुपित आणि चार्ल्स डार्विन

हरभरा पेरताना दाणा सरीत उताणा पडला की पालथा, हे आपण कधी बघत नाही. बघायला सवडही नसते. पण दाणा कसाही पडो, चार-पाच दिवसांनी उकरून पाहा. मूळ खाली गेलेले असते आणि कोंब वर आलेला असतो. दाणा आडवा असला तर मूळ थोडे आडवे निघते आणि मग बरोबर जमिनीत वळते. अंधारात, डोळे नसताना, त्याला खालची दिशा कोण सांगते?

आता दुसरी गोष्ट. डाळिंबाची छाट कलमे करताना काडीचे बूड पांढऱ्या पावडरीत किंवा द्रावणात बुडवून मग पिशवीत लावतात. द्राक्षाच्या खुंटाच्या, म्हणजे डॉगरिजच्या काड्यांनाही हेच करतात. त्या पावडरीत इंडोल ब्युटिरिक अॅसिड असते. रोपवाटिकेवाले त्याला नुसते आय.बी.ए. म्हणतात. त्याने काडीला मुळ्या लवकर आणि जास्त फुटतात.

हरभऱ्याचे वळणारे मूळ आणि काडीला लावायची पावडर, या दोन गोष्टी एकाच धाग्यात ओवलेल्या आहेत. त्या धाग्याचे पहिले टोक इंग्लंडमधल्या एका खेडेगावात, एका आजारी म्हाताऱ्याच्या खोलीत सापडते. त्यांचे नाव चार्ल्स डार्विन. माणूस माकडापासून झाला असे सांगणारे गृहस्थ, एवढीच त्यांची ओळख आपल्याला शाळेत झालेली असते. (तेही त्यांनी तसे सांगितलेले नाही. माणूस आणि माकड यांचे पूर्वज एकच, असे त्यांचे म्हणणे होते. असो.) आयुष्याच्या शेवटच्या काही वर्षांत या माणसाने बाकल्याच्या मुळांवर किती मेहनत घेतली, हे फारसे कोणी सांगत नाही.

डार्विन यांचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, इंग्लंडमधल्या श्रूझबरी गावचा. वडील नावाजलेले डॉक्टर, घरचे चांगले. आठ वर्षांचे असताना आई गेली. शाळेत हा मुलगा यथातथाच होता. किडे, दगड, पक्ष्यांची अंडी गोळा करण्यात त्याचा जीव. वडिलांनी १८२५ साली डॉक्टरकी शिकायला एडिंबरोला पाठवले. त्या काळी भुलीचे औषध नव्हते. शुद्धीवर असलेल्या माणसावर चाललेली शस्त्रक्रिया बघून पोरगा खोलीबाहेर पळाला तो पळालाच. मग निदान पाद्री तरी हो म्हणून केंब्रिजला धाडले. तिथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक हेन्स्लो यांच्याशी गाठ पडली आणि गाडी रुळावर आली. हेन्स्लो यांच्याच शिफारशीने बीगल नावाच्या जहाजावर जागा मिळाली. २७ डिसेंबर १८३१ ला निघालेले जहाज २ ऑक्टोबर १८३६ ला परत आले. जवळजवळ पाच वर्षांची पृथ्वीप्रदक्षिणा. तिच्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे, मी इथे लिहीत नाही.

परत आल्यावर १८३९ मध्ये मामेबहीण एमा यांच्याशी लग्न झाले आणि १८४२ मध्ये लंडनपासून सोळा मैलांवर डाउन या गावी त्यांनी बिऱ्हाड थाटले. पुढची चाळीस वर्षे, मरेपर्यंत, मुक्काम तिथेच. पण तब्येत कायमची बिघडलेली. उलट्या, पोटदुखी, थकवा. दिवसात काही तासच काम व्हायचे. दहा मुले झाली, त्यांतली तीन लहानपणीच गेली. थोरली मुलगी अॅनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना गेली. ते दुःख या बापाच्या मनातून कधी गेले नाही. जीवजातींच्या उत्पत्तीवरचा त्यांचा गाजलेला ग्रंथ १८५९ मध्ये आला आणि जगभर गदारोळ उठला. डार्विन मात्र वादाच्या सभांना जात नसत. ते घरी बसून कबुतरे, वेली आणि फुले बघत राहिले.

शेतीशी या माणसाचा संबंध कागदापुरता नव्हता. माळी, कबुतरे पाळणारे, जनावरांची पैदास करणारे यांना ते पत्रे लिहीत आणि त्यांच्या अनुभवाला मान देत. बेलफास्टचे जेम्स टॉरबिट नावाचे एक व्यापारी करप्याला दाद न देणारा बटाटा तयार करण्याच्या खटपटीत होते. सरकारने मदत द्यावी म्हणून डार्विन यांनी खटपट केली. ती मिळाली नाही, तेव्हा स्वतःच्या खिशातून पैसे दिले आणि मित्रांकडूनही मिळवून दिले.

आता मुळांकडे येऊ. १८७६ मध्ये या घरावर पुन्हा घाला पडला. डार्विन यांचा मुलगा फ्रान्सिस याची बायको बाळंतपणात गेली. मूल जगले. फ्रान्सिस तान्ह्या बर्नार्डला घेऊन बापाच्या घरी राहायला आला. तो डॉक्टरकी शिकलेला होता, पण डॉक्टरकी न करता बापाच्या हाताखाली काम करू लागला. म्हातारा आजारी बाप आणि बायको गेलेला तरुण मुलगा, दोघे मिळून झाडांच्या हालचालींचा अभ्यास करायला बसले. घरात पाळण्यातले मूल, आणि खोलीत काचेच्या बरण्या, ओला टीपकागद, टाचण्या आणि मोड आलेले बाकला.

बाकला म्हणजे वालपापडीसारख्या शेंगेचे, मोठ्या दाण्याचे कडधान्य. आपल्याकडे फारसे घेत नाहीत. त्याचे मूळ जाड असते म्हणून प्रयोगाला सोपे. दोघे बापलेक मोड आलेला दाणा टाचणीने अडकवून बरणीत ओलसर हवेत ठेवत, मूळ आडवे राहील असा. काही तासांत मूळ खाली वळायचे. मग त्यांनी काही मुळांची अगदी टोके, सुमारे एक ते दीड मिलिमीटर, धारदार पात्याने कापली आणि ती मुळे तशीच आडवी ठेवली. ही मुळे वाढत होती, लांब होत होती, पण खाली वळत नव्हती. आडवी ती आडवीच. काही दिवसांनी नवे टोक आले की पुन्हा वळू लागायची.

याहून नामी प्रयोग पुढचा आहे. त्यांनी आधी अख्खी मुळे दीड तासभर आडवी ठेवली. अजून वळण दिसत नव्हते. मग टोके कापली आणि मुळे सरळ उभी केली. तरीही त्यांतली बरीच मुळे पुढे वळली, आणि तीही आधी जी बाजू खाली होती त्या बाजूला. म्हणजे टोक कापण्याआधीच टोकाने मागच्या भागाला निरोप धाडला होता. तलाठ्याची बदली झाली तरी त्याने काढलेली नोटीस गावात फिरतच राहते, तसे.

यात दोन गोष्टी दडलेल्या आहेत, नीट ध्यानात घ्या. वळण पडते ते टोकाला नाही, टोकाच्या मागे जिथे मूळ लांबते तिथे. आणि दिशा कळते ती टोकाला. ओळखणारा एक, काम करणारा दुसरा, आणि दोघांमध्ये काहीतरी जाते-येते. ते काय, हे डार्विन यांना ठाऊक नव्हते. कॅनरी नावाच्या गवताच्या कोंबावरही त्यांना हेच दिसले. कोंबाच्या शेंड्याला अपारदर्शक टोपी घातली की कोंब उजेडाकडे वळत नाही, आणि शेंडा उघडा ठेवून बूड झाकले तर वळतो. नोव्हेंबर १८८० मध्ये झाडांच्या हालचालींवरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ बाहेर आला. त्याच्या शेवटी त्यांनी मुळाच्या टोकाची बरोबरी खालच्या प्रतीच्या प्राण्यांच्या मेंदूशी केली.

श्रेयाच्या बाबतीत माणूस सरळ होता. टोक कापलेले मूळ वळत नाही, हे थिओफिल चेशेल्स्की या शास्त्रज्ञाने १८७२ मध्येच दाखवले होते. डार्विन यांनी तसे ग्रंथात मोकळेपणाने नोंदवले.

ग्रंथ आला आणि जर्मनीत ठिणगी पडली. व्युर्ट्सबुर्गचे प्राध्यापक ज्युलियस झाक्स म्हणजे त्या काळचे वनस्पतिशास्त्रातले सर्वात मोठे नाव. त्यांची प्रयोगशाळा सुसज्ज होती. फ्रान्सिस १८७८ मध्ये त्यांच्याकडे शिकूनही आला होता. आपल्या हाताखाली शिकलेला पोरगा आणि त्याचा बाप, घरच्या खोलीत बरण्या मांडून, आपल्या सिद्धांताविरुद्ध लिहितात, हे झाक्स यांना मानवले नाही. त्यांच्याकडे प्रयोग पुन्हा करून पाहण्यात आले, तेव्हा टोक कापलेली मुळेही वळली. झाले! डार्विन बापलेकांना साधे टोक नीट कापता येत नाही, हे हौशी लोकांचे काम आहे, असा त्यांनी शेरा मारला. व्हिएन्नाचे वीसनर यांनी तर १८८१ मध्ये विरोधात अख्खे पुस्तक काढले.

मंडळी, इथे मला थोडे थांबावेसे वाटते. आपल्यातही असे होते. वीस वर्षे बांधावर उभे राहून एखाद्याने काही पाहिलेले असते, आणि पदवीवाला येऊन त्याला खुळ्यात काढतो. (मी पदविकेवाला आहे, मलाही दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.) पण म्हणून बांधावरच्या माणसाचे सगळेच बरोबर असते असेही नाही. डार्विन यांचेही नव्हते. मुळाच्या टोकाच्या एका बाजूला त्यांनी कागदाचे बारीक तुकडे लाखेने चिकटवले. मूळ त्या बाजूपासून लांब वळले. यावरून टोकाला स्पर्श कळतो असा निष्कर्ष त्यांनी काढला. टीकाकारांनी दाखवले की टोकाला तिथे इजा होत होती आणि मूळ इजेपासून लांब वळत होते. तो मुद्दा टीकाकारांचा खरा होता.

टोक कापण्याच्या मुद्द्यावर मात्र बाजी डार्विन यांची. सगळा फरक होता तो किती कापले आणि कसे कापले याचा. फार उशिरा, १९६६ मध्ये, शास्त्रज्ञांनी मक्याच्या मुळाच्या अगदी टोकावर असणारी फक्त टोपी अलगद काढली. मूळ पूर्वीसारखे वाढत राहिले, पण खाली वळायचे विसरले. नवी टोपी आल्यावर पुन्हा वळू लागले.

डार्विन हे बघायला नव्हते. १८८१ मध्ये त्यांचे शेवटचे पुस्तक आले, ते गांडुळांवर. १९ एप्रिल १८८२ रोजी डाउनच्या घरी त्यांचे निधन झाले. गावच्या चर्चच्या आवारात, भावाशेजारी पुरावे अशी त्यांची इच्छा होती. पण देशाने ऐकले नाही. लंडनच्या वेस्टमिन्स्टर अॅबेमध्ये, मोठमोठ्यांच्या रांगेत त्यांना जागा दिली. फ्रान्सिस पुढे केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकवू लागले, १९१३ मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला.

आता तो निरोप काय होता? याचे उत्तर यायला पन्नास वर्षे लागली. डेन्मार्कचे बॉयसन-येन्सन यांनी १९१३ च्या सुमारास दाखवले की कोंबाचा शेंडा कापून मध्ये जिलेटिनचा थर ठेवला तरी निरोप पलीकडे जातो. म्हणजे तो पाझरणारा पदार्थ आहे. १९२६ मध्ये हॉलंडच्या उट्रेख्टमध्ये फ्रिट्स वेंट या तरुणाने ओटच्या कोंबांचे शेंडे अगारच्या तुकड्यांवर ठेवले, मग शेंडे फेकून दिले आणि नुसता अगारचा तुकडा कोंबाच्या एका बाजूला ठेवला. कोंब वळला. शेंड्यातले द्रव्य अगारात उतरले होते. त्याला पुढे ऑक्झिन हे नाव मिळाले. १९३४ च्या सुमारास त्याच गावी केगल यांनी हे द्रव्य माणसाच्या मूत्रातून शुद्ध रूपात वेगळे केले, इंडोल अॅसेटिक अॅसिड. (म्हणून कोणी लगेच घागरी भरायला घेऊ नयेत. भरपूर मूत्र आटवून त्यातून चिमूटभर द्रव्य मिळाले होते.)

आणि मौज पाहा. डार्विन यांना हिणवणारे ते झाक्स. पानांत मुळे तयार करणारे काही द्रव्य बनते आणि ते देठातून खाली उतरते, असा विचार त्यांनीच त्याच काळात मांडला होता. १९३४-३५ मध्ये वेंट आणि थिमान यांनी शोध घेतला तेव्हा कळले की काडीला मुळ्या फोडणारे द्रव्य हे ऑक्झिनच. डार्विन यांचा निरोप आणि झाक्स यांचे मूळ-द्रव्य, दोन भांडणाऱ्यांच्या हातात एकाच वस्तूची दोन टोके होती. १९३५ मध्ये अमेरिकेत झिमरमन आणि विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक अॅसिडने मुळ्या चांगल्या फुटतात हे दाखवले, आणि तीच आपल्या रोपवाटिकेतली पावडर.

आता मूळ खाली का वळते ते थोडक्यात. मुळाच्या टोपीत पिठाचे जड कण असतात. मूळ आडवे झाले की ते कण पेशीच्या खालच्या बाजूला बसतात, डब्यातले गव्हाचे दाणे डबा आडवा केल्यावर बसतात तसे. त्यावरून खालची बाजू ओळखली जाते आणि ऑक्झिन त्या बाजूला जास्त सोडले जाते. कोंबातही ऑक्झिन खालच्या बाजूलाच जमते. तिथे त्याने पेशी जास्त लांबतात, म्हणून कोंब वर उचलला जातो. मूळ मात्र फार नाजूक. जेवढ्या ऑक्झिनने कोंब लांबतो तेवढ्याने मुळाची लांबी थांबते. म्हणून मुळाची खालची बाजू मागे राहते, वरची बाजू लांबत जाते आणि मूळ खाली वाकते. द्रव्य तेच, मात्रेगणिक काम उलटे.

हे कळले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. काडीत ऑक्झिन शेंड्याकडून बुडाकडे उतरते, म्हणून मुळ्या बुडाशी फुटतात. काडी उलटी लावली तर फसगत होते ती याचमुळे. लावताना डोळ्याची दिशा बघा. ऑक्झिनने बाजूच्या मुळ्या जास्त फुटतात, पण मुळीची लांबी खुंटते. सायटोकायनिन हे दुसरे संजीवक याच्या उलट, ते फुटवे काढते आणि बाजूच्या मुळ्या दाबते. म्हणून मुळी सुटावी म्हणून फुटव्याचे औषध ओतणे म्हणजे बैल एका दिशेला आणि औत दुसऱ्या दिशेला.

मात्रेची गोष्ट मी माझ्या अंगावर घेऊन सांगतो. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका शेतकऱ्याला डाळिंबाच्या काड्यांसाठी द्रावण सांगितले. २००० पीपीएम, म्हणजे लिटरला २ ग्रॅम. कागदावर लिहिताना माझ्याकडून एक शून्य जास्त पडले. त्यांनी इमानाने २० ग्रॅम घेतले. आठ-दहा दिवसांनी बोलावणे आले. काड्यांची बुडे काळी पडून मऊ झाली होती, एकही मुळी नाही. गृहस्थांनी चहा पाजला, एक शब्दही वाकडा बोलले नाहीत. तो चहा अजून घशात अडकलेला आहे. तेव्हापासून मी मात्रा आकड्यात आणि अक्षरात अशी दोन्ही लिहितो. आय.बी.ए. नुसत्या पाण्यात नीट विरघळत नाही. आधी अल्कोहोलमध्ये पूर्ण विरघळवा, मग सावकाश पाणी घाला, निम्मे-निम्मे. काडीचे बूड पाच-दहा सेकंदच बुडवायचे, रात्रभर नाही. टू फोर डी हे तणनाशकही माणसाने बनवलेले ऑक्झिनच आहे. शेजारच्या ज्वारीवर मारलेले वाऱ्याने कपाशीवर किंवा द्राक्षावर आले की पाने कशी आवळतात, ते तुम्ही पाहिलेच आहे.

जमीन दबली की काय होते, तेही संजीवकाचेच काम. मुळातून इथिलिन नावाचा वायू निघतो. मोकळ्या जमिनीत तो पोकळीतून निघून जातो. ट्रॅक्टरने दाबलेल्या, पोकळी नसलेल्या जमिनीत तो मुळाभोवतीच कोंडतो आणि मूळ आखूड व जाड होते. २०२१ मध्ये हे प्रयोगाने दाखवले गेले. तोपर्यंत मूळ ढेकळाला टेकून अडते एवढेच आपण समजत होतो. खरे म्हणजे थांबण्याचा निरोप मुळाला आतूनच मिळतो. पांढरी मुळी पाहिजे असेल तर बाटली घेण्याआधी ओल्या रानात ट्रॅक्टर घालणे बंद करा आणि वाफसा सांभाळा.

ग्रामसेवक आणि सरपंच मंडळींसाठी एक गोष्ट. पावसाळ्यात ग्रामपंचायतीमार्फत जी रोपे लागतात, ती बऱ्याचदा पिशवीत जास्त दिवस राहिलेली असतात. मूळ खाली जायला बघते, तळ लागला की पिशवीत गोल फिरते. ते वेटोळे तसेच खड्ड्यात गेले तर झाड दोन-चार वर्षांनी वाऱ्यात आडवे होते. लावताना पिशवी काढा आणि तळाचे वेटोळे कात्रीने कापा. टोक गेले की मागून बाजूच्या मुळ्या फुटतात.

पटत नसेल तर घरीच करून बघा. मोड आलेले दहा हरभरे घ्या, मूळ अंगठ्याच्या नखाएवढे झालेले. पाचांचे अगदी टोक, सुईच्या अणीएवढे, नव्या ब्लेडने कापा. दहाही दाणे ओल्या कापडाच्या पट्टीवर मूळ आडवे राहील असे टाचा, पट्टी काचेच्या बरणीत उभी लावा, तळाला थोडे पाणी, वर झाकण, आणि बरणी कपाटात अंधारात ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी न कापलेली पाच मुळे खाली वळलेली असतील. कापलेली बहुतेक आडवीच दिसतील. ती फेकून देऊ नका. आणखी तीन-चार दिवस ठेवा आणि बाजूने किती मुळ्या निघतात ते मोजा.